वशिंडाचा हत्ती

कोपरगाव

खर्ड्याला जाणारे लोक किल्ला बघून येतात. मी आणि आई तिथे गेलो ते एका हत्तीसाठी. किल्ला आम्ही येताजाताना बाहेरूनच पाहिला, त्यामुळे कोणी किल्ल्याचं विचारलं की मी जरा गप्प होते. हत्तीबद्दल मात्र कितीही वेळ बोलू शकते.

आधी आमच्या ग्रुपबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय हा प्रवास झालाच नसता. मी कोपरगावात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. शिकलेही तिथेच. आमचं मूळ गाव पाथर्डी तालुक्यातलं. आईवडील ऊसतोडीला इकडे यायचे, पुढे वडिलांना कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही इथलेच झालो. घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझा काळ्या गाऊनमधला फोटो पुढच्या खोलीत लावलेला आहे आणि आई तो देवांच्या तसबिरींबरोबर पुसते.

बी.ए.ला आम्हाला मराठी शिकवणाऱ्या मॅडम दर सोमवारी फळ्याला एक चित्र चिकटवायच्या. कधी कॅलेंडरवरचं, कधी वर्तमानपत्रातलं, एकदा तर काडेपेटीवरचं. आणि विचारायच्या, "काय दिसलं?" कोणी "छान आहे, मॅडम" म्हटलं की त्या म्हणायच्या, "छान हे चित्राबद्दल नाही, तुमच्या आळसाबद्दल आहे. काय दिसलं ते सांगा." मला तोवर आयुष्यात कोणी काय दिसलं हे विचारलं नव्हतं. पहिल्या सोमवारी मी उभी राहिले, तोंडातून शब्द फुटला नाही आणि खाली बसले. दुसऱ्या सोमवारी म्हणाले, "त्या बाईच्या घागरीला चीर आहे, पण तिला ते माहीत नाही." मॅडम पुन्हा चित्राकडे वळल्या आणि चीर शोधू लागल्या. त्या दिवशी मी घरी चालत गेले की उडत, आठवत नाही.

कॉलेज संपलं तरी तो सोमवार आम्ही सोडला नाही. मोबाईलवर ग्रुप केला. त्याचं नाव 'छान बंदी'. आता सोमवारच नाही, रोज कोणीतरी एक चित्र किंवा फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी काय दिसलं ते एका वाक्यात लिहायचं. जो 'छान' लिहील त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. या नियमाने वसीमच्या, म्हणजे आमच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या मित्राच्या, खिशातून आमचं बरंच चहापाणी झालं आहे. मॅडमही ग्रुपमध्ये आहेत. त्यांच्यावर चहाची पाळी कधीच आली नव्हती.

यंदा माझ्या धाकट्या भावाचं, गणेशचं लग्न ठरलं. घराच्या पुढच्या भिंतीला नवा पांढरा रंग दिला आणि त्या कोऱ्या भिंतीवरून घरात वाद सुरू झाला.

"आई, आता कोण भिंत रंगवतं? फ्लेक्स लावू," गणेश म्हणाला. "माझा अन् तिचा फोटो, मागं ताजमहाल."

"ताजमहाल काय तुझ्या सासऱ्यानं बांधलाय व्हय?" आई म्हणाली. "मला माज्या लग्नातला हत्ती पायजे."

हा हत्ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्याकडे लग्नघराच्या भिंतीवर चित्रं काढायची पद्धत होती. दाराच्या दोन बाजूंना भालदार, वर गणपती, 'शुभविवाह' अशी अक्षरं, केळीचे खांब आणि एक हत्ती. आईच्या माहेरच्या भिंतीवरही तो होता. सासरी निघताना सगळे रडत होते, आई सांगायची, "त्यो हत्ती तेवढा माज्याकडं वळखीचं बघत हुता." यावर आम्ही भावंडं दरवेळी हसायचो. ओळखीचा हत्ती! पाथर्डी तालुक्यात!

शेवटी गणेशने तोड काढली. "रविवारपर्यंत तुझा तो पेंटर आण. भिंत तुझी. न्हाई आला तर सोमवारी फ्लेक्स छापायला टाकणार. अन् मग ताजमहालाला नावं ठेवायची न्हाईत."

आई माझ्याकडे बघायला लागली. घरात काही अवघड आलं की ती भिंतीवरच्या फोटोकडे बघते आणि मग माझ्याकडे.

मी मामाला फोन करून त्या भिंतीचा फोटो मागवला. फोटो आला तो असा: मातीच्या भिंतीवर एक फिकट तांबडं जनावर. त्याच्या तोंडाचा पुढचा भाग कोणीतरी रंगवलेल्या निळ्या जाहिरातीखाली गेलेला, 'बोअरवेल मारून मिळेल'. दिसत होता तो एक सुपाएवढा कान, चार खूर, एक अर्धा मिटलेला डोळा आणि पाठीवर मानेच्या मागे चांगलं भरदार वशिंड.

मी तो ग्रुपवर टाकला.

श्रीरामपूरला नर्स असलेल्या प्रतिभाने लिहिलं, "कान हत्तीचा, खूर बैलाचे आणि डोळा माझ्या चुलत्याचा."

वसीमने लिहिलं, "बैल हत्तीचं सोंग घेऊन लग्नाला आलाय आणि कोणी ओळखेल म्हणून तोंड लपवतोय."

मॅडमनी लिहिलं, "याने आपल्याला पाहिलं आहे. आपण अजून त्याला पाहिलेलं नाही."

मी हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती तडकली. "बैल म्हनत्यात? त्याला सोंड हाय! त्या मेल्या बोअरवेलच्या खाली. चल, जाऊन दावते तुला."

पाथर्डी

एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं, कंडक्टर "नगर, नगर" ओरडतो आणि दोघांचंही बरोबर असतं. नगरला गाडी बदलून पाथर्डीच्या रस्त्याला लागलो की खिडकीबाहेरचा हिरवा रंग हळूहळू कमी होत जातो. आमच्या कोपरगावला कॅनॉल, ऊस, गोदावरीचा गारवा. इथे डोंगर उघडे, कडुलिंब तेवढे फुललेले. पण आई जशी जशी पुढे जाते तशी तिची पाठ ताठ होते. एरवी ती माझ्या मागे चालते. पाथर्डीच्या स्टँडवर उतरल्यावर मी तिच्या मागे पळत होते.

तिथून जीपने मामाच्या गावी. ऊसतोड संपवून माणसं नुकतीच परतली होती. त्यामुळे गाव भरलेलं होतं. घरोघरी बाजांवर कुरडया वाळत होत्या. मामीने पाणी दिलं ते तांब्यावर पेला पालथा घालून. कोपरगावात आमच्याकडे पाहुण्याला ग्लास भरून देतात. इथे पाहुणा स्वतः हवं तेवढं ओतून घेतो आणि पाणी वाया जात नाही. आईने पेल्यात उरलेला घोट न विचारता दारातल्या जास्वंदीला टाकला. इतकी वर्षं नदीकाठी राहूनही तिचा हात विसरला नव्हता.

आणि मग मामीने कुरडयांचा चीक दिला. गव्हाचा तो गरम, बुळबुळीत, पांढराशुभ्र चीक, त्यात दूध आणि गूळ. आम्ही कोपरगावला कुरडया विकत आणतो. विकतच्या कुरडईबरोबर चीक मिळत नाही, हा त्यातला मोठा तोटा. मी दोन वाट्या खाल्ल्या. तिसरी मामीने न विचारता वाढली.

भिंत प्रत्यक्ष बघितली तेव्हा फोटोत नव्हतं ते एक दिसलं. तो अर्धा मिटलेला डोळा रंग उडाल्याने तसा झालेला नव्हता. रंगवणाऱ्याने तो मुद्दाम तसा काढला होता. पापणीची रेघ स्वच्छ होती. हत्ती डोळा मारत होता.

"बबन, ह्यो पेंटर कोन हुता रं?" आईने मामाला विचारलं.

"अक्का, मी तवा चड्डीत हुतो. मला काय ठावं?" मामा म्हणाला. "खाली कोपऱ्यात नाव आसतं पेंटरचं. पर कोपऱ्यात कडबा हाय."

"मग काड की कडबा."

"कडब्यात कोंबडी बसलीया. अंड्यावर."

आई आणि मामा यांच्यात कोंबडीवरून जी बोलणी झाली ती मी लिहीत नाही. मामीने मध्यस्थी केली. कोंबडीला टोपलीत घेऊन अंड्यांसकट चुलीजवळ नेलं. कोंबडीने मामाच्या मनगटाला तीन ठिकाणी खूण केली. मग आम्ही कडब्याच्या पेंढ्या एकेक करून हलवल्या. मागे, जमिनीपासून हातभर वर, वळणदार अक्षरं होती: 'पेंटर चाँद, खर्डा'.

"चाँदभाई!" मामा मनगट चोळत म्हणाला. "आरं व्हय की! सायकलीला डबे आडकवून यायचा. लई बडबड्या मानूस. आता हाय का न्हाई द्येव जाणे."

आईने त्या नावावरून बोट फिरवलं. "आसंल," ती म्हणाली. जसं काही तिनेच ते ठरवायचं होतं.

रात्री शेंगोळे होते. हुलग्याच्या पिठाचे, झणझणीत, वर कच्च्या तेलाची धार. झोपताना मी ग्रुपवर नावाचा फोटो टाकला. मॅडमनी लिहिलं, "'चाँद'वरचा चंद्रबिंदू त्याने खऱ्या चंद्रासारखा काढला आहे." मी पुन्हा फोटो मोठा करून बघितला. खरंच होतं.

रस्त्यात

पाथर्डीहून खर्ड्याला जायला आधी जामखेड गाठायचं आणि मधे बीड जिल्ह्याचा तुकडा लागतो. आम्हाला मिळाली ती एसटी गचके देत चालली होती. मी पेंगत होते. एका गावच्या थांब्याजवळ आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा वण घरी येईपर्यंत टिकला.

"वैशे! हत्ती!"

एका घराच्या भिंतीवर, कुणाच्या तरी जुन्या लग्नाचा, फिकट हत्ती उभा होता. सोंड वर केलेली. आणि पाठीवर वशिंड.

"थांबवा! गाडी थांबवा!" आई ओरडली.

कंडक्टर वळला. "काय झालं, मावशी? कोणाला उतरायचं?"

"हत्ती हाय!"

"हत्तीचं तिकीट काढलंय का?"

सगळी गाडी हसली. पण थांबा होताच, ड्रायव्हरनेही मान वाकडी करून भिंतीकडे बघितलं, आणि म्हणाला, "जा ताई, फोटो काढून या. पटकन." मी उतरले, धावले, फोटो काढला आणि वळते तर गाडी निघालेली. आईचा आवाज सगळ्या रस्त्याला ऐकू गेला असेल. दहावीस पावलांवर गाडी थांबली. कंडक्टर म्हणाला, "मला वाटलं मागच्या दारानं चढल्या." एसटीला मागचं दार कुठून आलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आईने फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि परत दिला. "ह्यो आपला न्हाई."

"अगं, वशिंड आहे की."

"वशिंड हाय. पर ह्यो दोनी डोळे उघडे ठिऊन बघतोय. आपला वळखीचं बघतो."

जामखेडपर्यंत अजून दोन वशिंडाचे हत्ती दिसले. एक शाळेच्या कुंपणाजवळ, एक पिठाच्या गिरणीवर. आता गाडीतले लोकही खिडकीतून बघत होते. मागच्या बाकावरच्या आजोबांनी तर एका बैलाला हत्ती समजून आरडाओरड केली. दोन्ही हत्तींचे डोळे टक्क उघडे होते. ग्रुपवर नुसता कल्ला चालला होता. प्रतिभाने ड्युटीवरून लिहिलं, "या भागात हत्तींची वेगळी जात आहे."

खर्डा

खर्ड्यात उतरल्यावर पहिल्याच टपरीवर विचारलं. टपरीवाला म्हणाला, "चाँदभाई? ते काय, फ्लेक्सच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसलेत."

फ्लेक्सचं दुकान! आई जागच्या जागी थबकली.

दुकान चाँदभाईंच्या मुलाचं होतं. आत यंत्र घरघरत होतं आणि त्यातून कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक इंचाइंचाने बाहेर येत होता. बाहेर खुर्चीवर मेंदी लावलेल्या दाढीचे, पांढऱ्या सदऱ्यातले चाँदभाई बसले होते. यंत्रातून येणाऱ्या माणसाकडे बघत ते म्हणत होते, "ह्याचा एक कान मोठा आलाय. बघ, बघ. तुझ्या कॉम्प्युटरला कान कळत न्हाई."

मी नमस्कार करून आमचं काम सांगितलं. भावाचं लग्न, भिंत, हत्ती.

"आता भिंत करत न्हाई मी," चाँदभाई म्हणाले. "माझं पोरगं बटन दाबतं अन् ताजमहाल निघतो. त्याच्याकडं सांगा."

"ताजमहाल नकोच हाय आमाला," आई म्हणाली. "म्हनून तर एवढं आलो."

"का करत नाही पण?" मी विचारलं.

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "मागं एका लग्नात शेवटची भिंत केली. शिकलेली पोरं आली हुती पुन्याची. हत्तीपुढं उभं राहून हसली. 'हत्तीला वशिंड! हत्तीला वशिंड!' मोबाईलवर पिच्चर काडला. म्या डबे उचलले, घरी आलो. आपल्या चित्राला हसनाऱ्याच्या दारात आपन उभं राहायचं न्हाई."

मी पिशवी मागे सरकवली. कारण माझ्याही पिशवीत मोबाईल होता आणि त्यात आमचं सगळ्यांचं हसणं होतं. पण मला लपवता येत नाही. मी म्हणाले, "चाचा, आम्हीपण फोटो काढला. माझ्या मित्रांनी त्याच्यावर लिहिलंय."

"काय लिवलंय?"

आईने मला कोपराने ढोसलं. चाँदभाईंनी ते बघितलं. "ढोसू नका. वाच. समदं वाच."

मी फोटो त्यांच्यासमोर धरला आणि वाचायला सुरुवात केली. मॅडमचं आधी वाचलं. ते त्यांना कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. प्रतिभाचं वाचलं. दाढीखाली ओठ जरा हलले. मग राहिलं वसीमचं. माझा आवाज इतका बारीक झाला की आतलं यंत्र त्याच्यावर चढलं. मला दोनदा वाचावं लागलं. "बैल हत्तीचं सोंग घेऊन लग्नाला आलाय आणि कोणी ओळखेल म्हणून तोंड लपवतोय."

चाँदभाई उठून उभे राहिले. मला वाटलं, संपलं. आता सोमवारी ताजमहाल.

"हे कोन पोरगं हाय?" ते म्हणाले.

"वसीम. मित्र आहे. मस्करीखोर आहे, पण मनाने..."

"त्याला कसं कळलं?"

"काय?"

"आगं, तो बैलच हाय! बैलच हाय त्यो! आजपत्तर एकाला कळलं न्हाई!" त्यांनी माझा मोबाईल जवळजवळ हिसकावला आणि फोटो डोळ्यांजवळ नेला. "आरं, ही तर रंगूबापूची भिंत! डोळा बघ त्याचा. हौशा हाय ह्यो. रंगूबापूचा हौशा!"

रंगूबापू म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. मी आईकडे बघितलं. ती दुकानाच्या पायरीवर बसली होती. कधी बसली, मला कळलं नाही.

"तू रंगूबापूची पोर?" चाँदभाईंनी तिला विचारलं. तिने मान हलवली. मग ते तिच्या शेजारी पायरीवरच बसले आणि सांगू लागले.

आईच्या लग्नाच्या आधी आजोबांचा तांबडा बैल, हौशा, म्हातारा होऊन मेला. आई त्याच्या पाठीवर बसून लहानाची मोठी झालेली. वासरू असताना बाभळीचा काटा लागून त्याचा एक डोळा अर्धा मिटलेलाच राहिला होता. चाँदभाई भिंत रंगवायला आले तेव्हा आजोबांनी त्यांना बाजूला घेतलं. "हौशाला काड," ते म्हणाले. "पोरगी निगंल तवा दारात त्यो पायजे." चाँदभाईंनी हौशा काढला. खूर, वशिंड, डोळा, सगळं झालं. शिंगं काढायची बाकी होती, तेवढ्यात आईचे थोरले चुलते आले. लग्नाच्या दारावर बैल बघून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. "वऱ्हाडी काय म्हनत्याल? हे लग्नाचं घर हाय का गोठा? हत्ती काडा हत्ती!"

"थोरल्या भावापुढं तुझा बाप काय बोलनार?" चाँदभाई म्हणाले. "मान हलवली. भाऊ गेल्यावर माझ्या कानाशी आला. म्हनला, चाँद, सोंड लाव. कान लाव. पर मागचं तसंच राहू दे. अन् डोळ्याला हात लावू नको."

यंत्र थांबलं होतं. मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. त्यालाही हे माहीत नव्हतं.

"मग बाकीचे हत्ती?" मी विचारलं. "रस्त्यात एवढे दिसले?"

चाँदभाई हसले. "लग्नात आलेली मानसं म्हनली, आमालाबी तसलाच हत्ती पायजे, भरदार. मग समद्यांना वशिंड लावत गेलो. पर डोळा कुनाला दिला न्हाई. डोळा हौशाचा हुता."

आई पदर तोंडाला लावून हलत होती. मला वाटलं रडते. जवळ गेले तर हसत होती. मग रडत होती. मग पुन्हा हसत होती.

"तरीच," ती म्हणाली. "तरीच वळखीचं बघत हुता."

त्या दुपारी आम्ही चाँदभाईंच्या घरी जेवलो. त्यांच्या बायकोने आईला जवळ बसवून घेतलं आणि दोघी गुडघेदुखीवर अशा बोलू लागल्या की जशा काही एकाच गल्लीत राहतात. चाँदभाईंनी माझ्याकडून वसीमचं वाक्य चार वेळा वाचून घेतलं आणि मुलाला ऐकवलं. मग आतून पत्र्याची पेटी काढली. ब्रश तेलात बुडवून, फडक्यात गुंडाळून ठेवलेले होते. मऊ आणि स्वच्छ.

"भिंत करत नव्हता ना तुमी?" त्यांची बायको म्हणाली. "मग ब्रश कुनासाठी पुसत हुता दर जुम्म्याला?"

"तू गप," चाँदभाई म्हणाले.

पुन्हा कोपरगाव

शनिवारी चाँदभाई पेटी घेऊन आमच्याबरोबर आलो त्याच रस्त्याच्या एसटीत बसले. वाटेतल्या तीनही हत्तींना त्यांनी खिडकीतून हात केला. पिठाच्या गिरणीवरच्या हत्तीबद्दल म्हणाले, "ह्याचं शेपूट जमलं न्हाई मला. घाई हुती."

गणेशने दारातच तोंड वाकडं केलं, पण शब्द दिला होता. रविवारी सकाळी काम सुरू झालं. गेरू, नीळ, पिवडी हे रंग गरम सरसाच्या डिंकात कालवताना असा वास सुटला की शेजारणी नाक धरूनच बघायला आल्या. चाँदभाईंनी खडूने एकही रेघ मारली नाही. सरळ ब्रश लावला. आधी पाठ, मग वशिंड, मग खूर. दुपारपर्यंत भिंतीवर एक बिनशिंगाचा तांबडा बैल उभा होता आणि गल्लीत बोलणं सुरू झालं होतं.

"वैशूताई, लग्न गण्याचं आहे ना? मग पोळ्याचं चित्र का?"

गणेश माझ्याकडे आला. "ताई, हा बैल आहे."

"थांब थोडं."

चाँदभाईंनी सगळ्यात शेवटी डोळा काढला. अर्धा मिटलेला, पापणीची एकच रेघ. मग ते दोन पावलं मागे आले आणि आईकडे वळले. ब्रश तसाच ओला होता.

"आता कोन आडवनारं न्हाई," ते म्हणाले. "तुझं घर हाय. बैलच ठिवू का?"

हे मला सुचलंच नव्हतं. कोणालाच सुचलं नव्हतं. आई भिंतीसमोर उभी राहिली. हौशा तिच्याकडे बघत होता आणि ती हौशाकडे. मी गणेशला हौशाची गोष्ट आदल्या रात्री सांगितली होती, तेव्हा तो "हं" एवढंच म्हणाला होता. आता तो आईच्या मागे येऊन उभा राहिला.

"लावा सोंड," आई म्हणाली. "बापूनं लावायला सांगितल्याली. अन् उद्या वऱ्हाड आलं तर म्हनंल, ह्यांनी गोठ्यात लगीन लावलं."

"कान?"

"मोठं लावा. झाकायचं तर नीट झाकायचं."

चाँदभाईंनी एका दमात सोंड ओढली. खालून वर, शेवटाला एक वळसा. गल्लीतल्या बायका "अगंबाई!" म्हणाल्या. आमच्या डोळ्यांसमोर बैलाचा हत्ती झाला, आणि ज्यांनी बघितलं त्यांना तो पुन्हा कधी नुसता हत्ती दिसणार नाही. कोपऱ्यात चाँदभाईंनी नाव घातलं आणि चंद्रबिंदूला खरा चंद्र दिला. सोमवारी फ्लेक्स छापायला टाकायचा प्रश्नच उरला नाही. गणेश स्वतःच हत्तीबरोबर निरनिराळ्या बाजूंनी स्वतःचे फोटो काढत बसला होता. एकात तो डोळा मारतोय.

संध्याकाळी मी भिंतीचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली हौशाची सगळी गोष्ट लिहिली. वसीमला सांगितलं की चाचांनी तुला लग्नात मांडीला मांडी लावून जेवायला बसवायचं ठरवलंय. मग सगळ्यांनी एकदमच म्हटलं की आज पहिलं वाक्य आईचं.

आई चौथीपर्यंत शिकलेली. ग्रुपमधलं सगळं मी वाचते आणि ती ऐकते. तिला मी कधी विचारलंच नव्हतं. मॅडमनी मला जो प्रश्न दिला होता तो मी घरी आणलाच नव्हता. मी मोबाईल तिच्या तोंडाजवळ धरला आणि विचारलं, "आई, काय दिसलं?"

तिने बराच वेळ भिंतीकडे बघितलं. मग मोबाईल कानाला लावल्यासारखा धरून, लांबच्या माणसाशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाली, "मला माझा बाप दिसला. हौशाच्या मागं उभा हाय. लोकांनी बघू नये म्हनून जरा वाकलाय."

मी तो आवाज तसाच ग्रुपवर पाठवला. समोर दोन निळ्या खुणा उमटत गेल्या. सगळ्यांनी ऐकलं होतं. वसीम काही लिहायला लागला आणि थांबला. प्रतिभा लिहायला लागली आणि थांबली.

मग मॅडमचा निरोप आला. एकच शब्द होता.

"छान."

नियम तो नियम. मॅडमचा चहा आम्ही सगळ्यांनी गणेशच्या लग्नात, हत्तीखाली उभं राहून प्यायलो. चाँदभाईंनी दोन कप घेतले.